माशाला आच किती, कुठे आणि केव्हा : बाजाराच्या पिशवीपासून सोमवारच्या कालवणापर्यंत

रविवारी बाराच्या सुमारास माझा फोन वाजतो आणि पलीकडून ठरलेला प्रश्न येतो : "वहिनी, तुकडे पांढरे झालेत, गॅस बंद करू ना?" विचारणारे बहुतेक जण लग्नानंतर किंवा नोकरीला लागल्यावर मासे खायला लागलेले. घरात विचारायला कोणी नाही, म्हणून सगळं शिक्षण व्हिडिओवर. तिथे मसाल्याचं माप चमच्याचमच्याने सांगतात आणि आचेच्या बाबतीत मात्र "छान शिजेपर्यंत" म्हणून मोकळे होतात. पहिली चूक इथे होते. दुसरी, त्याहून मोठी चूक गॅस पेटवायच्या दोन-तीन तास आधीच होऊन गेलेली असते आणि ती कितीही शिजवून भरून निघत नाही.

चवीबद्दल इथे काही सांगणार नाही. कच्च्या माशावरचे अपायकारक जंतू उष्णतेने कसे मारायचे, कोणती पायरी कशाच्या आधी आणि मोजायचं कुठे, एवढंच.

## आधी समजून घ्या : आच काय करते आणि काय करत नाही

धडधाकट, ताज्या माशाच्या मांसात आतवर जंतू जवळजवळ नसतात. ते असतात कातडीवरच्या बुळबुळीत थरात, कल्ल्यांत आणि पोटात. मासा मेला की हळूहळू आत शिरतात. आणि सुरी फिरली की मात्र क्षणात प्रत्येक कापावर पसरतात. समुद्राच्या मासळीवर व्हिब्रिओ, गोड्या पाण्यातल्या मासळीवर एरोमोनास, आणि टोपली, फळी, हात, बर्फ यांच्यामार्फत येणारे साल्मोनेला, लिस्टेरिया आणि स्टॅफिलोकोकस.

हे सगळे वाढत्या अवस्थेतले जंतू उष्णतेपुढे टिकत नाहीत. लक्षात ठेवायचा आकडा एकच : तुकड्याच्या सर्वांत जाड भागाच्या मधोमध ७० अंश सेल्सिअस, २ मिनिटं. तापमान वाढलं तर वेळ कमी लागतो, उतरलं तर बराच जास्त. ७५ अंशांना ३० सेकंद पुरतात, ६५ ला १० मिनिटं लागतात आणि ६० ला तब्बल ४५. अमेरिकेच्या नियमांत माशासाठी ६३ अंश आणि १५ सेकंद एवढंच सांगितलं आहे. मी घरी ७० च धरते. आपल्या पिशवीत येण्याआधी तो मासा कुठे किती वेळ पडून होता, हे आपल्याला कुठे ठाऊक असतं?

आता आचेला दाद न देणाऱ्या गोष्टी. पहिली, हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन. बांगडा, सुरमई, कुपा, तारली अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उबेत राहिला की त्यावरचे काही जंतू त्याचं हिस्टामिन करून टाकतात. मग उकळा, तळा, फ्रीजरमध्ये ठेवा, ते जात नाही. दुसरी, स्टॅफिलोकोकसने अन्नात सोडलेलं विष. जंतू मरतो, विष उरतं. तिसरी, काही जंतूंची बीजाणू अवस्था, म्हणजे कडक कवचात झोपलेलं रूप. ही साध्या उकळीतून सहीसलामत सुटते आणि अन्न कोमट पडून राहिलं की पुन्हा उगवते.

पहिल्या गोष्टीचा धडा मी स्वतः घेतला आहे. एका मे महिन्यात सकाळी नऊला बांगडे घेतले, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत स्कूटरच्या डिकीत टाकले, मग भाजी, मग बँकेतलं एक काम, मग मैत्रिणीकडे चहा. घरी पोचले तेव्हा साडेबारा. बांगड्याला वास नव्हता, डोळेही चकचकीत. तिरफळ घालून खळखळून उकळलेलं कालवण केलं. जेवून अर्धा तासही झाला नसेल, नवऱ्याचा चेहरा, कान, मान टोमॅटोसारखी लाल. मला डोकेदुखी आणि अंगभर खाज. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "मासा किती वेळ बाहेर होता?" शिजवला नीट होता का, हे त्यांनी विचारलंही नाही.

म्हणून क्रम असा : चुलीपर्यंत गार, चुलीवर आतपर्यंत गरम, चुलीवरून उतरल्यावर पोटात नाहीतर पुन्हा पटकन गार. मधली कोमट अवस्था, म्हणजे ५ ते ६० अंश, जितकी कमी तितकं बरं.

## तयारी : बाजारात जायच्या आधी

फ्रीजचा खालचा कप्पा रिकामा करा. एक खोल डबा आणि त्यात बसेल अशी चाळण काढून ठेवा. माशासाठी वेगळी सुरी आणि वेगळी फळी. विळी वापरत असाल तर नारळ खवायची आणि माशाची एकच ठेवू नका. बर्फाचे दोन ट्रे आदल्या रात्रीच लावा, उकळून गार केलेल्या पाण्याचे.

आणि सळईचा डिजिटल थर्मामीटर. काही शे रुपयांत मिळतो. तापाचा चालणार नाही. एका शेजारणीने खरोखर विचारलं होतं म्हणून सांगते. तो ४२-४३ अंशांपुढे जातच नाही.

थर्मामीटर नवा असो की जुना, आधी त्याची परीक्षा घ्या. पेल्यात गच्च बर्फ भरून वर थोडं पाणी घाला, दोन मिनिटांनी सळई मधोमध धरा, तळाला टेकवू नका. आकडा ० च्या आसपास यायला हवा. मग उकळत्या पाण्यात धरा. इथे पुण्यातली मंडळी हमखास गोंधळतात, कारण १०० येत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ९८ दाखवत असेल तर थर्मामीटर बरोबर आहे, परत पाठवू नका. आपल्याला ७० हवेत, त्यामुळे या दोन अंशांनी स्वयंपाकात काही बिघडत नाही.

तपासा : बर्फात २ अंशांहून जास्त फरक दाखवत असेल, तर त्या थर्मामीटरवर विसंबू नका.

## टप्पा १ : बाजार ते घर

गणेश पेठेच्या मासळी बाजारात जा, कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात जा किंवा कोपऱ्यावरच्या टोपलीवाल्या मावशींकडून घ्या, मासे सगळ्यात शेवटी घ्यायचे. भाजी, किराणा, फुलं, बँक सगळं आधी.

समुद्राची मासळी पुण्यात पोचते तेव्हा तिने किनाऱ्यापासूनचा रस्ता बर्फात काढलेला असतो. आंध्रातून येणारे रहू-कटला त्याहून लांबून येतात. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा साठवणीतला गोठवलेला माल वाढतो. त्यात वाईट काही नाही. फक्त गोठवलेला मासा एकदा सुटला की ताज्यासारखाच जपावा लागतो, आणि तो पुन्हा गोठवायचा नसतो.

घेताना कल्ले उचलून बघा : लाल आणि ओलसर हवेत, तपकिरी-चिकट नकोत. बोटाने दाबल्यावर खड्डा भरून यायला हवा. पण वास-डोळ्यांवरून हिस्टामिन ओळखता येत नाही, हे वरच्या बांगड्यांनी शिकवलंच. त्यासाठी एकच बघायचं : मासा बर्फात आहे की बर्फाशेजारी. वर दोन खडे शोभेला टाकलेले आणि खाली मासा कोमट, असं असेल तर तो बांगडा कितीही सुंदर असो, सोडून द्या. पापलेटच्या बाबतीत एकवेळ डोळेझाक चालेल, बांगडा-सुरमई-तारलीच्या बाबतीत नाही.

नेताना जाड पिशवी किंवा थर्माकोलचा खोका, आणि किलोभर माशाला किलोभर बर्फ. "एवढा बर्फ?" म्हणून मावशी हसतील, हसू देत. बाहेरच्या हवेत दोन तास ही मर्यादा. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मार्च ते मे दुपारी पुण्यात ३२ च्या वरच असतं, आणि पेठेतून हिंजवडीला पोचायला एक तास सहज जातो. हिशेब तुम्हीच करा.

सावधान : बाजारातला बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असेल असं नाही. तो फक्त प्रवासापुरता. घरी आल्यावर टाकून द्या आणि पुढे आपला वापरा.

## टप्पा २ : साफ करणं

घरी आल्या आल्या पिशवी ओट्यावर ठेवून आंघोळीला जाऊ नका. लगेच साफ करत नसाल तर चाळणीत मासा, खाली डबा, वर बर्फ, फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात. वर ठेवलात तर त्याचं पाणी खाली कोथिंबिरीवर गळतं, आणि ती कोथिंबीर आपण कच्ची खातो.

साफ करायचा क्रम : आधी खवले, मग पर, मग कल्ले, मग पोट, मग धुणं, आणि सगळ्यात शेवटी तुकडे. लोक नेमकं उलट करतात. बाजारातून तुकडे करून आणतात किंवा घरी आधी तुकडे पाडतात आणि मग नळाखाली खळखळून धुतात. तुकडे केल्यावर पोटातली घाण प्रत्येक कापावर बसते. धारेखाली धुताना ती ओट्यावर, नळावर, शेजारच्या चहाच्या कपावर उडते. बाजारातून साफ करून घेणार असाल तर मावशींना म्हणा, "पोट काढा, कल्ले काढा, तुकडे मी घरी करते." आधी त्या कुरकुरतात, मग सवय होते.

धुवायचा अख्खा मासा, भांड्यातल्या गार पाण्यात बुडवून, दोन पाण्यांतून. जोराची धार नको. मग स्वच्छ कागदाने किंवा उकळलेल्या फडक्याने कोरडा करा आणि मग तुकडे. मोठ्या सुरमईचे तुकडे दोन सेंटिमीटर जाडीचे, सगळे सारखे. एक बोटभर आणि एक चपातीएवढा पातळ असे तुकडे एकाच तव्यावर टाकले की पातळ करपतो नाहीतर जाड कच्चा राहतो.

आता फळी, सुरी, विळी. साबणाने घासल्यावर त्यावर किटलीतलं कढत पाणी ओता आणि अर्धा मिनिट तसंच राहू द्या. पाणी ७७ अंशांच्या वर आणि ३० सेकंद, असा हा हिशेब आहे. क्रम पाळा : साबण आधी, कढत पाणी नंतर. आधी कढत पाणी ओतलं तर माशाचा चिकट थर शिजून फळीच्या ओरखड्यांत घट्ट बसतो आणि वास आठवडाभर जात नाही.

तपासा : कच्चा मासा ठेवलेली परात आता धुवायला गेली का? तळलेला मासा परत तिच्यातच काढायचा, ही चूक मी भल्याभल्या घरांत पाहिली आहे.

## टप्पा ३ : कढत पाण्याचा चटका (सगळ्यांना गरजेचा नाही)

जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात, म्हणून वरून कढत पाण्याचा चटका दिला की त्यांची संख्या पुष्कळ उतरते. बुळबुळीत मरळ, वाम, कटला यांना याचा फायदा. बुळबुळ आणि उग्र वास दोन्ही जातं. पापलेट, बोंबील यांना नको, त्यांचा लगदा होईल.

पातेल्यात किमान दोन लिटर पाणी खळखळ उकळू द्या. शेजारी उकळून गार केलेल्या पाण्यात आपला बर्फ. झाऱ्यावर तीन-चारच तुकडे घेऊन १० ते १५ सेकंद उकळत्या पाण्यात, कडा पांढऱ्या होताच उचलून बर्फाच्या पाण्यात, गार होताच बाहेर आणि कोरडे. पाण्याला पुन्हा उकळी आली की पुढचे तुकडे. किलोभर मासा एकदम ओतलात तर पाणी धपकन उतरतं आणि मासा कोमट पाण्यात भिजत बसतो. जंतूंसाठी ती आंघोळच.

सावधान : चटका म्हणजे शिजवणं नाही. आतला भाग कच्चाच असतो. चटका दिलेला मासा त्याच दिवशी, शक्य तर लगेच, पूर्ण शिजवायचा. "चटका दिलाय, आता दोन दिवस टिकेल" हे चालणार नाही. आणि चटका दिलेला मासा सुशीसाठी तर मुळीच नको. तिथे जंतांचाही प्रश्न असतो, ते मारायला उणे २० अंशांवर सात दिवस गोठवावा लागतो. घरचा फ्रीजर साधारण उणे १८ ला असतो, आणि गोठवल्याने जंत मेले तरी जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात.

## टप्पा ४ : मुरवणं

हळद, मीठ, आगळ, लिंबू. यांनी मासा "अर्धा शिजतो" असं म्हणतात. दिसतो तसा, कारण आंबटाने मांसातली प्रथिनं गोठतात आणि ते पांढरट होतं. जंतूंचं म्हणाल तर त्यांतले बरेच जिवंत असतात. आंबट हे चवीसाठी, जंतू मारण्यासाठी आच.

मसाला लावून अर्धा तास पुरतो, तोही फ्रीजमध्ये, झाकून. ओट्यावर दोन तास नको. उरलेला ओला मसाला, ज्यात कच्चा मासा लोळला, तो वरून चटणीसारखा घ्यायचा नाही. रश्श्यात घालून उकळा नाहीतर फेका.

गोठवलेला मासा असेल तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवा. घाई असेल तर घट्ट पिशवीत बंद करून गार पाण्यात बुडवा आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने पाणी बदला. कोमट पाणी नको, उन्हात तर नकोच.

तपासा : शिजवायच्या आधी जाड तुकड्याच्या मध्यात सळई खुपसून बघा. आत कडक लागलं, आकडा ० च्या जवळ आला, तर अजून सुटलेला नाही. असा तुकडा तव्यावर बाहेरून खरपूस होतो आणि आत बर्फासारखा राहतो. पुण्यात कच्च्या राहिलेल्या सुरमईच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांतल्या निम्म्या इथल्याच. सळई धुऊन, कढत पाण्यात बुडवून मगच पुढे वापरा.

## टप्पा ५ : शिजवणं

आता पहिल्या प्रश्नाकडे. तुकडे पांढरे झाले, गॅस बंद करू का? नाही. माशाचं मांस ५०-५५ अंशांपासूनच दुधाळ दिसायला लागतं. तुम्हाला ७० हवेत. पांढरा रंग म्हणजे अर्ध्या वाटेची खूण.

कालवण. रस्सा आधी पूर्ण उकळू द्या, मग तुकडे सोडा. गार तुकडे पडले की उकळी बसते. इथे थांबायचं आणि बघायचं. आधी कडेला बारीक बुडबुडे, मग मधे एखादा फुगा फुटतो, मग सगळा रस्सा पुन्हा हलायला लागतो. घड्याळ त्या क्षणापासून, तुकडे सोडल्यापासून नव्हे. दोन सेंटिमीटरच्या तुकड्यांना पुन्हा उकळी आल्यापासून मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं. बांगडे नुसते मधून अर्धे कापलेले असतील तर आठ. पातेलं खचाखच भरू नका; तुकडे एकावर एक रचले की मधले शिजत नाहीत. मासा तुटेल म्हणून ढवळायचं नसतं हे खरं, पण पातेलं फडक्याने दोन्ही कानांना धरून गोल हलवता येतं, तेवढं हलवा.

कोकम शेवटी घालता ना? घाला. पण कोकम टाकल्यावर आणखी एक उकळी येऊ द्या.

तव्यावर. तेल १७०-१८० अंशांना असलं तरी तुकड्याच्या आतलं पाणी आटेपर्यंत मध्यभाग १०० च्या पुढे जात नाही, आणि तिथवर पोचायला वेळ लागतो. मोठ्या आचेवर रवा तीन मिनिटांत तांबूस होतो आणि आत ४५-५० अंशच. मध्यम आच, दोन सेंटिमीटरला एका बाजूने साधारण पाच मिनिटं, सुरुवातीला झाकण न ठेवता. जाड तुकडा असेल तर उलटल्यावर दोन मिनिटं झाकण ठेवा, मग काढून कुरकुरीत करा. मासा थेट फ्रीजमधून तव्यावर आला तरी चालतो, एखादं मिनिट जास्त द्या. "रूम टेम्परेचरला" आणायची गरज नाही.

आणि पाहुण्यांसाठी सकाळी अर्धवट तळून ठेवायचं, ते आल्यावर "एकदा परतून घ्यायचं", हा प्रकार बंद करा. अर्धवट तळल्याने सगळे जंतू मरत नाहीत, उरलेल्यांना ऊब मिळते. एकतर कच्चा फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर पूर्ण शिजवा. मधलं काही नाही.

भरलेलं पापलेट. सर्वांत फसवा प्रकार. पोटातली हिरवी चटणी गार आणि घट्ट असते, तिथे आच शेवटी पोचते, आणि चटणीतली कोथिंबीर, खोबरंही कच्चंच. सळई चटणीच्या मधोमध खुपसा, तिथे ७० हवेत. दरवेळी पोचत नसतील तर चटणी कमी भरा. पोट शिवून फुगवलेलं पापलेट फोटोत बरं दिसतं, एवढंच.

कोळंबी. काळा दोरा काढल्याशिवाय शिजवू नका. गुलाबी रंग म्हणजे सुरुवात. मांस पूर्ण अपारदर्शक आणि घट्ट झालं पाहिजे. सर्वांत मोठी कोळंबी निवडून जाड टोकाला कापून बघा, छोटी बघून उपयोग नाही.

तिसऱ्या, खुबे, कालवं. हे शिंपल्यातले प्राणी दिवसभर पाणी गाळून त्यातलं खातात, म्हणजे पाण्यातली घाण त्यांच्यात साठते. त्यात नोरोव्हायरससारखे विषाणूही असतात, आणि त्यांना ७० अंश पुरत नाहीत : मांसात ९० अंश, ९० सेकंद. शिजवायच्या आधी उघडा असलेला शिंपला टिचकी मारल्यावर मिटला नाही, तर आतला प्राणी मेलेला, फेका. उकळत्या पाण्यात टाकल्यावर शिंपले उघडले की लोक लगेच काढतात. नको. उघडल्यानंतर आणखी तीन ते पाच मिनिटं उकळा. शेवटपर्यंत न उघडलेल्या फेकून द्या, सुरीने उचकटून खाऊ नका.

मायक्रोवेव्ह. मासा कुठे थंड, कुठे गरम राहतो. झाकून शिजवा, मध्ये एकदा तुकडे फिरवा, बंद झाल्यावर दोन मिनिटं झाकण तसंच ठेवा आणि मग तीन ठिकाणी मोजा.

## टप्पा ६ : मोजणं

सळई तुकड्याच्या बाजूने, आडवी, जाड भागाच्या मध्यापर्यंत. वरून उभी खुपसली तर टोक पलीकडे तव्याला टेकतं आणि आकडा १२० दाखवतं. मग माणूस खूश होऊन गॅस बंद करतो. काट्यालाही टेकवू नका. आकडा स्थिर व्हायला काही सेकंद द्या. एक तुकडा मोजून थांबू नका. पातेल्यातला सर्वांत जाड आणि तव्याच्या कडेचा, असे दोन मोजा, आणि त्यांतला कमी आकडा खरा धरा.

७० आलं की दोन मिनिटं त्याच आचेवर, किंवा ७५ येऊ द्या आणि अर्धा मिनिट थांबा. घरी दुसरं सोपं पडतं.

थर्मामीटर नसेल तर? काट्याजवळचं मांस काट्यापासून अलगद सुटलं पाहिजे, काट्यालगत लालसर किंवा पारदर्शक रेघ दिसता कामा नये, पाकळ्या सहज वेगळ्या झाल्या पाहिजेत. ही जुनी परीक्षा चांगली आहे. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस, मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेलं कोणी जेवायला असेल तर मात्र मी तिच्यावर अवलंबून राहत नाही. अशांना अर्धकच्चं काहीच वाढू नका.

## टप्पा ७ : जेवणानंतर

"कालवण दुसऱ्या दिवशी जास्त लागतं." खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण ते रात्रभर गॅसवर झाकून ठेवायचं नसतं. आमच्याकडे कोकणात रात्री एक उकळी काढून ठेवत. पहाटेपर्यंत पातेलं कोमटच राहायचं. बीजाणू उगवतात ते याच वेळात, आणि सकाळच्या उकळीने जंतू गेले तरी त्यांनी केलेली विषं जातीलच असं नाही.

जेवण झालं की उरलेलं कालवण उथळ, रुंद भांड्यात काढा. परातीत बर्फाचं पाणी घेऊन त्यात ते भांडं ठेवा, अधूनमधून हलवा. वाफ गेली की झाकण लावून फ्रीजमध्ये. शिजल्यापासून दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात एका तासात. मोठ्या खोल पातेल्यात तसंच ठेवलं तर मधला भाग कितीतरी तास कोमट राहतो, फ्रीजमध्ये असूनही.

फ्रीजचं तापमान ४ अंश किंवा कमी हवं. थर्मामीटर आहेच, एक पेला पाणी रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी त्यात सळई बुडवा. आमच्या जुन्या फ्रीजने ९ दाखवलं होतं. दोन वर्षं आम्ही त्याच फ्रीजच्या भरवशावर मासे ठेवत होतो.

सावधान : कालवणासोबतचा उरलेला भातही याच नियमात. त्याचे जंतू वेगळे, पण शिजून सुटणारे बीजाणू तसेच.

सोमवारी गरम करताना लागेल तेवढंच काढा. पातेल्याच्या कडेला बुडबुडे आले म्हणजे झालं नाही. मधोमध खळखळ उकळी, आणि जाड तुकड्यात ७५. एकदाच. मंगळवारी त्यातलं उरलेलं पुन्हा गरम करायचं नाही, आणि कोणी "पण वास तर चांगला येतोय" म्हणालं तरी नाही.